एकशे आठचा हिशेब

तालुक्याच्या गावातील एका किराणा-भुसार दुकानात दिवेलागणीनंतरची वेळ होती. गल्ला मोजून झाला होता, रोजमेळ लिहून झाला होता, आणि शिल्लक काही केल्या जुळत नव्हती. वहीत दाखवलेल्या शिलकेपेक्षा गल्ल्यात रोकड जास्त निघत होती. जास्तीची रक्कम होती नेमकी १०८ रुपये. सुटीत दुकानावर बसू लागलेला नातू हसून म्हणाला, “आजोबा, एकशे आठ! याहून शुभ आकडा कोणता? मंदिराच्या भांडारात टाकू आणि वही मिटवू.” दिवसभराच्या कामाने थकलेल्या मुनीमजींनीही मान डोलावली.

आजोबांनी वही पुन्हा उघडायला लावली. “आकडा शुभ आहे यात वाद नाही. पण हे पैसे कोणाचे आहेत ते कळल्याशिवाय दान कसले करतोस? दान आपल्या पैशाचे असते. आधी तीन जागा पाहा. १०८ ची एखादी जमा लिहायची राहिली आहे का? नसेल तर १०८ चे निम्मे कर. ५४ ची रक्कम जमेऐवजी खर्ची पडली आहे का ते बघ. तेही नसेल तर १०८ ला नऊने भाग. बारा येतील. आज बाराची जमा कोणाच्या नावावर आहे?”

बाराची जमा सापडली. रोजंदारीवर जाणाऱ्या एका बाईंनी उधारीपोटी दुपारी १२० रुपये आणून दिले होते. वहीत मात्र शून्य गळून १२ पडले होते. त्यांच्या खात्यावर १०८ रुपये अद्याप येणे दिसत होते. वही तशीच मिटली असती, तर पुढच्या वसुलीच्या वेळी एकदा दिलेलेच पैसे त्यांच्याकडे पुन्हा मागितले गेले असते, आणि त्यांच्या हाती पावती नव्हती.

घराघरांतील माळेत असलेली ही संख्या त्या संध्याकाळी वहीत तफावत म्हणून आली. तिची ओळख श्रद्धेने होते हे खरेच. परंतु तिची गणिती ओळखही करून घेण्याजोगी आहे. त्या ओळखीतून काय खरे, काय केवळ ऐकीव आणि काय जीवनाला उपयोगी, हे तिन्ही उलगडत जाते.

नऊचा नियम

आजोबांनी सांगितलेली युक्ती हा जुन्या पेढ्यांवरचा चमत्कार नव्हे. कोणत्याही संख्येपुढे एक शून्य वाढले की ती दहापट होते. दहापटीतून मूळ संख्या वजा केली की उरते ती नऊपट. म्हणून लिहिताना शून्य गळले, तर पडणारी तफावत नेहमी लिहिलेल्या रकमेच्या नऊपट असते. १२० वजा १२ म्हणजे १०८, आणि १०८ भागिले ९ म्हणजे १२. तफावतीला नऊने भागताच चुकीची नोंद स्वतःचे नाव सांगते.

दोन शेजारचे अंक उलटसुलट लिहिले गेले तरी हाच नियम लागू पडतो. ४,५८१ ऐवजी ४,८५१ लिहिले गेले तर फरक पडतो २७० चा, म्हणजे ९ गुणिले ३० चा. जमेची रक्कम खर्ची पडली तर फरक दुप्पट होतो. कारण ती एका बाजूने कमी होते आणि दुसऱ्या बाजूने वाढते. म्हणून निम्मे करून पाहायचे. तफावत नऊने भागली जात असेल, तर आधी अंकांची उलटापालट किंवा गळलेले शून्य शोधावे, हा नियम आजच्या संगणकी हिशेबातही तितकाच खरा आहे. कारण संगणक बेरीज चुकत नाही, पण बोटे चुकतात.

१ + ० + ८ = ९, हे १०८ चे मोठे वैशिष्ट्य म्हणून अनेकदा सांगितले जाते. त्यात तथ्य आहे, पण ते १०८ चे एकटीचे नाही. नऊने भाग जाणाऱ्या प्रत्येक संख्येच्या अंकांची बेरीज नऊच्या पटीत येते: ११७ ची, २५२ ची, ९९९ चीही. त्याचे कारणही संख्येत नसून लेखनपद्धतीत आहे. मनुष्याने दहाच्या पटीत लिहिण्याची रीत स्वीकारली, आणि दहातून एक वजा केल्यास नऊ उरतात; म्हणून नऊला हा मान. आठाच्या पटीत लिहिण्याची रीत असती, तर हीच संख्या १५४ अशी लिहिली गेली असती आणि अंकांची बेरीज दहा आली असती. मणी तितकेच राहिले असते, फक्त अक्षरे बदलली असती. म्हणून अंकांची बेरीज हा संख्येचा पोशाख मानावा. तिचा स्वभाव पाहायचा तर तिचे अवयव पाहावे लागतात.

१०८ चा स्वभाव

१०८ चे अविभाज्य अवयव पाडले की दोनदा २ आणि तीनदा ३ मिळतात. एकाचा एकदा, दोनाचा दोनदा, तिनाचा तीनदा गुणाकार, म्हणजेच १ × ४ × २७ = १०८, इतकी सुबक तिची घडण आहे. अशा रीतीने तयार होणाऱ्या संख्या फार विरळ असतात. १ आणि ४ नंतर थेट १०८ येते, आणि तिच्यानंतरची संख्या २७,६४८ इतकी दूर आहे.

या घडणीमुळे १०८ ला बारा विभाजक लाभले आहेत: १, २, ३, ४, ६, ९, १२, १८, २७, ३६, ५४ आणि १०८. शंभराला नऊच विभाजक आहेत, आणि शंभराची तीन सारख्या वाटण्यांत विभागणी होत नाही. एकशे आठ नगांचे दोन, तीन, चार, सहा, नऊ किंवा बारा जणांत समान वाटप करता येते. स्वतःला वगळून उरलेल्या अकरा विभाजकांची बेरीज १७२ भरते, म्हणजे संख्येहूनही अधिक. तरीही अतिशयोक्ती नको. बारा विभाजक असलेली सर्वांत लहान संख्या ६० आहे, आणि १२० ला तर सोळा विभाजक आहेत. विभाजकांच्या संख्येत १०८ पहिली नाही; तिचे सौंदर्य अवयवांच्या रचनेत आहे.

भूमितीतही तिचे स्थान निश्चित आहे. पाचही बाजू सारख्या असलेल्या नियमित पंचकोनाचा प्रत्येक आंतरकोन बरोबर १०८ अंशांचा असतो. पंचकोनाचे तीन त्रिकोण पडतात, तिन्हींचे मिळून ५४० अंश होतात, आणि त्याला पाचांनी भागले की १०८. फरशीचा व्यापार करणाऱ्यांना याचा दुसरा अर्थ ठाऊक असतो. चौकोनी आणि षट्कोनी फरशा एकमेकींना खेटून बसतात, नियमित पंचकोनी बसत नाहीत. एका बिंदूभोवती तीन पंचकोन ठेवले तर ३२४ अंश भरतात आणि ३६ अंशांची फट राहते. चौथा पंचकोन त्या फटीत मावत नाही.

याच पंचकोनात कर्ण आणि बाजू यांचे गुणोत्तर सुमारे १.६१८ येते. हे गुणोत्तर जैन वाचकांना आणखी एका वाटेने ओळखीचे असावयास हवे. पाटणचे आचार्य हेमचंद्र यांनी सुमारे ११५० मध्ये ‘छंदोनुशासन’ या ग्रंथात लघु म्हणजे एक मात्रा आणि गुरू म्हणजे दोन मात्रा धरून, ठरावीक मात्रांची ओळ किती प्रकारे रचता येईल, याची रीत दिली. तिच्यातून १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४ ही मालिका मिळते. प्रत्येक संख्या मागील दोन संख्यांची बेरीज असते. इटलीच्या फिबोनाची यांच्या नावाने जगभर ओळखली जाणारी मालिका ती हीच, आणि त्यांचा ग्रंथ १२०२ मधला आहे. भारतात हा विचार हेमचंद्रांच्याही आधी विरहांक यांच्या छंदशास्त्रात आढळतो. या मालिकेतील पुढच्या संख्येला मागच्या संख्येने भागत गेले, की उत्तर १.६१८ च्या जवळ जवळ सरकत जाते. ३४ भागिले २१ म्हणजे सुमारे १.६१९. एकशे आठ अंशांचा कोन आणि हेमचंद्रांची मालिका अशा प्रकारे एकाच सूत्रात ओवल्या जातात.

हीच रीत थोडी वाढवून पाहावी. एक व दोन मात्रांऐवजी एक, दोन, तीन किंवा चार मात्रांचे गट पाडण्याची मुभा दिली, तर प्रत्येक संख्या मागील चार संख्यांची बेरीज होते: १, २, ४, ८, १५, २९, ५६ आणि आठव्या स्थानी १०८. आठ मात्रांचे आवर्तन, कोणताही गट चार मात्रांहून मोठा न ठेवता, नेमके १०८ प्रकारे विभागता येते. कागद-पेन्सिल घेऊन कोणीही याची खात्री करून घ्यावी.

जे मोजल्यावर टिकत नाही

१०८ विषयी एक विधान वारंवार ऐकू येते: पृथ्वीपासून सूर्याचे अंतर सूर्याच्या व्यासाच्या बरोबर १०८ पट आहे. मोजून पाहावे. सूर्याचा व्यास सुमारे १३.९ लाख किलोमीटर, आणि सूर्याचे सरासरी अंतर सुमारे १४.९६ कोटी किलोमीटर. भागाकार येतो सुमारे १०७.४. पृथ्वीची कक्षा पूर्ण वर्तुळाकार नसल्यामुळे वर्षभरात हे गुणोत्तर सुमारे १०५.६ ते १०९.२ यांच्या दरम्यान बदलत राहते. चंद्राच्या बाबतीत सरासरी गुणोत्तर ११०.६ च्या आसपास येते. आकडे १०८ च्या जवळ आहेत, ही गंमत खरी. ‘बरोबर १०८’ हे मात्र खरे नाही.

कोणी म्हणेल, एवढ्याशा फरकाने काय बिघडते? तराजूवर बसणाऱ्याने हा प्रश्न विचारू नये. आपल्याला प्रिय असलेल्या आकड्याकडे हिशेब वळवून घेणे आणि आपल्या सोयीकडे वजन वळवून घेणे, या दोन्हींची सवय एकच. संख्येचा आदर करावयाचा तर ती जेथे आहे तेथे दाखवावी, आणि जेथे नाही तेथे नाही म्हणावे. १०८ ला उसन्या मोठेपणाची गरज नाही. तिचे स्वतःचे पुरेसे आहे.

तीन, तीन, तीन आणि चार

माळेत १०८ मणी का, याची उत्तरे परंपरेत एकाहून अधिक आहेत. श्वेतांबर परंपरेत पंचपरमेष्ठींचे गुण असे मोजले जातात: अरिहंतांचे १२, सिद्धांचे ८, आचार्यांचे ३६, उपाध्यायांचे २५ आणि साधूंचे २७, बेरीज १०८. दिगंबर परंपरेत हीच गणना ४६, ८, ३६, २५ आणि २८ अशी होऊन बेरीज १४३ येते. तेथे १०८ चा अर्थ प्रामुख्याने वेगळ्या वाटेने लावला जातो, आणि ती वाट दोन्ही परंपरांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायातून जाते.

तेथे कर्माच्या आस्रवाला आधार होणाऱ्या जीवाच्या प्रवृत्तींची मोजणी आहे. कोणतेही कृत्य तीन पायऱ्यांनी घडते: संरंभ म्हणजे मनाचा निश्चय, समारंभ म्हणजे साधनांची जुळवाजुळव, आणि आरंभ म्हणजे प्रत्यक्ष सुरुवात. व्यवहारातील मराठीत समारंभ म्हणजे सोहळा. येथे अर्थ निराळा आहे. हे तिन्ही मन, वचन आणि काया यांपैकी कशानेही होऊ शकतात. त्यातही ते स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले किंवा दुसऱ्याने केलेल्यास संमती दिलेले, म्हणजे कृत, कारित आणि अनुमत असू शकतात. मागे प्रेरणा असते क्रोध, मान, माया आणि लोभ या चार कषायांची. ३ × ३ × ३ × ४ = १०८. अविभाज्य अवयवांत दिसलेले तीन वेळा ३ आणि एक ४ येथे जसेच्या तसे समोर येतात.

ही मोजणी केवळ उपदेशाची सोय नव्हे. तिच्यामागे गणिताची शिस्त आहे. स्थानांगसूत्रात गणिताचे जे दहा विषय सांगितले आहेत, त्यांत ‘विकल्प’ हा एक आहे. किती गोष्टींतून किती निवडी संभवतात, याचा तो विचार. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात दिगंबर गणिती महावीराचार्य यांनी सुमारे ८५० मध्ये ‘गणितसारसंग्रह’ रचला आणि निवडींच्या संख्येचे सर्वसाधारण सूत्र दिले. त्यांच्या उदाहरणांत सहा रसांची मिश्रणे येतात: एकेकटे ६, दोन-दोनांची १५, तीन-तीनांची २०, चार-चारांची १५, पाच-पाचांची ६ आणि सर्वांचे १, एकूण ६३. मद्रास येथे १९१२ मध्ये एम. रंगाचार्य यांच्या इंग्रजी अनुवादासह हा ग्रंथ छापला गेला आणि जगातील गणिताच्या इतिहासकारांसमोर आला.

आता गुणाकाराचा स्वभाव लक्षात घ्यावा. तीन, तीन, तीन आणि चार यांची बेरीज तेरा होते. बेरजेत एक गोष्ट वजा केली तर एकच कमी होते, बारा उरतात. गुणाकारात तसे नसते. चार कषायांतून एकटा लोभ वजा केला, तर ३ × ३ × ३ × ३ = ८१ उरतात; एकदम सत्तावीस वाटा बंद होतात. कषाय चारही तसेच राहिले, पण दुसऱ्याच्या वाइटास संमती द्यायची नाही एवढे पाळले, तर ३ × ३ × २ × ४ = ७२ उरतात; छत्तीस वाटा बंद होतात. दोन्ही साधले तर ३ × ३ × २ × ३ = ५४. बरोबर अर्धी माळ. आणि चारांच्या जागी शून्य आले, म्हणजे कषाय मुळीच उरले नाहीत, तर बाकीचे तिन्ही आकडे कितीही असोत, गुणाकार शून्यच येतो.

यात आणखी एक गोष्ट व्यापाऱ्याने नजरेआड करू नये. चारांतून एक कषाय वजा केल्याने २७ कमी होतात. कृत, कारित आणि अनुमत यांतून एक वजा केल्याने ३६. तिनांतला एक चारांतल्या एकापेक्षा मोठा वाटा उचलतो. “मी थोडेच केले, मी फक्त गप्प राहिलो”, असे म्हणून संमतीचा दोष हलका समजला जातो. एकशे आठांत मात्र तिचा वाटा पूर्ण एक तृतीयांश आहे. कर चुकविणारे बिल मालक स्वतः लिहीत नाही, कमी भरणारे माप तो स्वतः धरत नाही. तो फक्त ‘चालू द्या’ म्हणतो. त्या दोन शब्दांचे मणी छत्तीस.

पुन्हा वहीपाशी

दुकानातील त्या संध्याकाळी कोणाच्याही मनात लबाडी नव्हती. मुनीमजींच्या लेखणीतून शून्य गळले, ती चूक होती. नातवाने पैसे भांडारात टाकू म्हटले, ती श्रद्धा होती. परंतु तफावत समोर दिसल्यावरही वही मिटली असती, तर चुकीला संमती जोडली गेली असती, आणि एका कष्टकरी बाईच्या घामाचे १०८ रुपये दुसऱ्याच्या पुण्याच्या नावे पडले असते.

वहीत १२ चे १२० झाले. शिल्लक जुळली. दुसऱ्या दिवशी सकाळी नातू स्वतः त्या बाईंच्या घरी गेला आणि त्यांचे खाते पुरे झाल्याची सहीची पावती देऊन आला. त्यांना चूक झाल्याचे ठाऊकही नव्हते. “एवढ्यासाठी आलात?” त्या म्हणाल्या. नातवाने घरी येऊन हे सांगितले तेव्हा आजोबा माळ घेऊन बसले होते. त्यांनी फक्त विचारले, “भांडारात काही टाकायचे राहिले होते ना?” नातवाने स्वतःच्या खिशातून १०८ रुपये काढले.

घरातील मुलांसाठी: एका दुकानाच्या रोजमेळात ६३ रुपयांची तफावत आली. दोन अंकी रकमेतील अंक उलट लिहिले गेले आहेत, एवढे नक्की आहे, आणि त्या दोन अंकांत शून्य नाही. ती रक्कम कोणकोणती असू शकेल? आजी-आजोबांना न विचारता शोधावे. मग त्यांना विचारून पाहावे, त्यांना किती वेळ लागतो ते.